शिवाच्या डोंगरांपुढे माझी सभा

मित्रांनो, आज मी जळलो. लपवत नाही.

खासबागेत माझा वर्गमित्र शिवा याच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. एका चित्रात खानापूरकडचे लांबचे निळे डोंगर, बाकी काही नाही. त्यासमोर खेड्यावरून येणारे म्हातारे आप्पा खिळून उभे होते. माझ्या प्रत्येक सभेतून पाचच्या गाडीसाठी मधेच उठणारे आप्पा.

"आप्पा, गाडी सुटंल की."

"सुटू दे रं. त्या डोंगरापल्याड आमच्या आक्काला दिलंय. लई दिवस गेलो न्हाय."

"त्याच डोंगरापल्याडच्या गावांच्या प्रश्नांवर मी तीस वर्षं सभांतून बोलतोय."

"व्हय, पर तू बोलतोस तवा तूच दिसतोस."

शिवा कोपऱ्यात गप्प चहा पीत होता.

उद्याच्या भाषणातला 'मी' खोडत बसलोय. फारसं काही उरत नाही, आणि जळणंही थांबत नाही. तुम्हाला कुणी असं न बोलता हरवलंय का?