दोन रिंगा

व्हर्नन टलकच्या पायाला भिंगरी होती, हे लंडनच्या हॅकनी भागात सगळ्यांना ठाऊक होतं. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा, तेही अगदी कडेला. न्हाव्याकडे अर्धे केस कापून झाले की "बास, एवढं चालेल" म्हणत उठायचा. बायको ह्याच कारणाने सोडून गेली. ती म्हणायची, ह्या माणसाशी भांडायचं तरी कसं, भांडण रंगात येईपर्यंत हा जिन्यात पोचलेला असतो. नोकऱ्या तर त्याने किती बदलल्या त्याचा हिशेबच नाही. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मात्र तो बरीच वर्षं टिकला, कारण तिथे दिवसभर वरखाली करायला मिळायचं. पुढे तीही नोकरी गेली. लिफ्टच्या आणि गच्च्यांच्या किल्ल्या परत करायचं तो विसरला, आणि कंपनी मागायचं विसरली.

त्या किल्ल्यांवर झिंक एफएम हे चोरटं रेडिओ स्टेशन उभं राहिलं. परवाना नव्हता, कुणी मागितलाही नव्हता, आणि मागितला असता तर मिळालाही नसता. मोठ्या रेडिओवाल्यांनी ज्या संगीताला दारातही उभं केलं नाही, ते इथे शुक्रवारपासून रविवारपर्यंत अखंड वाजायचं. वर ढोल भरधाव सुटलेले आणि खाली बेस असा, की कपाटातल्या बशा हलाव्यात. स्टुडिओ म्हणजे केल्विन नावाच्या डीजेच्या आत्याची झोपायची खोली. ट्रान्समीटरचा डबा मात्र भलत्याच इमारतीच्या गच्चीवर, म्हणजे धाड पडली तर डबा जाईल, माणसं सुटतील. तो डबा वर चढवणं, अँटेना उभी करणं, वाऱ्याने वाकली की सरळ करणं, हे व्हर्ननचं काम. माइकवर तो कधी बोलला नाही. "बोलायला बसावं लागतं," म्हणायचा.

ऐकणाऱ्यांची एक रीत होती. रेकॉर्ड आवडली की स्टुडिओच्या फोनवर दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. कुणी उचलायचं नाही, फुकटात काम व्हायचं. दोन रिंगा म्हणजे 'पुन्हा लाव'. कधीकधी फोन दम घेईना, मग केल्विन सुई उचलून रेकॉर्ड पहिल्यापासून लावायचा, आणि खाली उभ्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागायचे. व्हर्नन ते गच्चीवरून ऐकायचा. अख्ख्या वस्तीच्या उघड्या खिडक्यांतून एकच ताल वर येतोय, हे ऐकताना त्याचा जीव तेवढ्यापुरता शांत व्हायचा.

सरकारी माणसांची त्याला फारशी भीती नव्हती. खरे चोर म्हणजे शेजारची अशीच चोरटी स्टेशनं. ह्यांचा डबा गेला की प्रक्षेपणाची लहर मोकळी, आणि वर डबाही फुकट. लागोपाठ दोन डबे गेल्यावर व्हर्ननने जागा बदलली. नवी जागा केल्विनलाही सांगितली नाही. गच्चीवर निघायच्या लोखंडी झाकणाला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात.

"अंकल व्ही, तुम्ही आजारी पडलात तर?" केल्विनने विचारलं.

"मी आजारी पडत नाही."

"आणि झोपलात तर?"

"तेही नाही."

त्याची आई, मिस आयसिल्डा, त्याच वस्तीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. फ्रिजवर तिचा छोटा रेडिओ असायचा, आणि रविवारी सकाळी झिंकवर चर्चची गाणी लागायची ती ऐकायची. तो तास व्हर्ननने तिच्यासाठी मुद्दाम ठेवायला लावला होता. पुढे दिवसभर रेडिओ तसाच चालू असायचा. व्हर्ननला वाटायचं, म्हातारीला उठून बंद करायचा कंटाळा.

बर्मिंगहॅमला नर्स असलेली थोरली बहीण, मर्ल, आईला तिकडे न्यायचं म्हणून वर्षभर मागे लागली होती. त्या उन्हाळ्यात तिने फोनवर निर्वाणीचं सांगितलं.

"तो तुझी काळजी घेतो म्हणतेस, मम्मी? तो आत येतो तेव्हा खाली गाडी चालूच ठेवून येतो."

"येतो ना पण. रोज येतो."

"तुझ्या वाढदिवसाला मी येतेय. एक जेवण पुरतं बसून जेवून दाखवू दे त्याला. दाखवलंन, तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही, तर तू माझ्याबरोबर चलायचं."

आईने हे त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो आधी हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "एक जेवण ना? खुर्चीला बांध हवं तर," तो म्हणाला. पण ही गेली तर ह्या शहरात जाता-येता डोकावावं असं एकही दार आपल्याला उरणार नाही, हे त्याला कळत होतं.

वाढदिवसाच्या रविवारी टेबलावर नारळाच्या दुधातला राजमाभात, मसाल्यात मुरवलेली कोंबडी, तळलेली पिकलेली केळी आणि आल्याचं सरबत. आईने चर्चची टोपी घरातही काढली नव्हती. मर्ल समोरच बसली होती, परीक्षेला पर्यवेक्षक बसतात तशी. व्हर्ननने प्रार्थनेला डोळे मिटले, टेबलाखाली पाय थडथड हलत होता, पण बूड खुर्चीला टेकलेलं होतं. भात झाला. कोंबडीचं तंगडं झालं. फ्रिजवर झिंक वाजत होतं.

"आणखी घे," आई म्हणाली.

"वाढ."

मर्लच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं, आणि तेवढ्यात रेडिओ गेला. नुसती खरखर. खालच्या गाड्यांतून, समोरच्या खिडक्यांतून, सगळीकडून खरखर. व्हर्ननचा पाय थांबला. केल्विनचे निरोप यायचे तो पट्ट्याला लावलेला पेजर थरथरला, मग पुन्हा, मग थांबेचना.

"वाजू दे," मर्ल म्हणाली.

"डबा नेत असतील कुणीतरी."

"मग त्या केल्विनला दे किल्ली. खालीच तर आहे तो. जागा सांग आणि दे किल्ली."

किल्ली गळ्यात होती. नुसता दोरा काढून द्यायचा. व्हर्ननने हात दोऱ्यापर्यंत नेला सुद्धा. मग त्याने आईकडे पाहिलं. ती काटा धरून ताटाकडे पाहत होती.

"पाच मिनिटं," तो म्हणाला आणि गेलाच.

डबा कुणी नेला नव्हता. अँटेनाची वायर नुसती सैल झाली होती, कुठल्याही शहाण्या पोराने हाताने पिळून बसवली असती. व्हर्ननने ती बसवली. खालून सगळ्या खिडक्यांतून ताल एकदम वर आला, भोंगे वाजले, आणि नेहमीप्रमाणे त्याचा जीव शांत झाला. जिने उतरताना तो शीळ घालत होता.

टेबलावर त्याचं ताट झाकून ठेवलेलं. आईचं ताट मात्र जसंच्या तसं. कोंबडीवर चरबी गोठून पांढरी झाली होती.

"जेवली नाहीस? माझ्यासाठी थांबलीस?"

मर्लच म्हणाली, "मलाही आजच कळलं. खरखर सुरू झाली की ही घास घेत नाही. आज म्हणून नाही. कायमचं आहे म्हणे हे."

"मला वाटायचं, तू फक्त सकाळची गाणी ऐकतेस," व्हर्नन आईला म्हणाला.

"गाणी संपली की रेडिओ बंद करता येतो रे. गुडघे गेलेत माझे, हात नाही गेले." आईने काटा उचलला आणि थंड भाताचा घास घेतला. "खरखर आली की मला कळतं, तू वर कुठेतरी कठड्यावर आहेस. गेल्या हिवाळ्यात त्या दुसऱ्या स्टेशनचा पोरगा लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला. त्याच्या आईला दुसऱ्या दिवशी कळलं. मला लगेच कळेल, म्हणून मी रेडिओ चालू ठेवते."

व्हर्नन खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"मी मर्लकडे जाते," ती म्हणाली. "तुझ्यावर रागावून नाही जात. बर्मिंगहॅमला तुझं स्टेशन लागत नाही. तिथे मला जेवता येईल."

गाडीत बसवताना तो म्हणाला, "खाली उतरलो की फोन करत जाईन."

"फोनवर तरी थांबणारेस का तू?"

"दोन रिंगा देईन. उचलू नकोस. दोन रिंगा म्हणजे मी खाली आलो."

"बरं," आई म्हणाली. तिने त्याचा गाल थोपटला, आणि गाडी गेली.

त्याने शब्द पाळला. दर रविवारी दुपारी गच्चीवरून उतरला की वस्तीच्या कोपऱ्यावरच्या फोनच्या खोक्यात शिरायचा, दोन रिंगा द्यायचा, नाणं परत पडलं की खिशात टाकायचा. आपण काहीतरी करतोय असं त्याला वाटायचं. थंडीच्या सुरुवातीला मर्लचा फोन आला.

"तुझ्या त्या रिंगांचं काय ते बघ. ती ताट पुढ्यात घेऊन फोनशेजारी बसते. तू उशीर केलास की अन्न निवून जातं. गेल्या रविवारी तर संध्याकाळ झाली."

व्हर्नन भिंतीला टेकून उभा राहिला. आई ज्या खरखरीपासून पळाली, ती त्याने आपल्या हाताने बर्मिंगहॅमला पोचवली होती. आता रिंगा बंद केल्या तर तिला वाटणार, पोरगा पडला. देत राहिल्या, तर ती उपाशी. रात्रभर तो घरात येरझाऱ्या घालत होता.

पुढच्या रविवारी वारं सुटलं होतं. भर दुपारी खिडक्यांतून खरखर सुरू झाली आणि पेजर थरथरला. व्हर्नन धावत सुटला, पण गच्चीकडे नाही. तो आधी फोनच्या खोक्यात शिरला. वर चढायच्या आधीच दोन रिंगा दिल्या आणि ठेवून दिला. तिकडे आईने काटा उचलला असेल, असं मनाशी म्हणत तो जिना चढला.

झाकण उघडून तो गच्चीवर आला. वाऱ्याने अँटेना कठड्याबाहेर कललेली होती. ती धरायची म्हणजे नेहमीप्रमाणे कठड्यावर गुडघा टेकून बाहेर वाकायचं. त्याने गुडघा टेकला आणि खाली पाहिलं. इतकी वर्षं तो इथे वाकायचा तेव्हा कुणीतरी हातात काटा धरून, घास न घेता बसलेलं असायचं. आज ती जेवत होती. आत्ता तो पडला असता, तरी तिचं जेवण निवांत पुरं झालं असतं.

व्हर्ननला फार भीती वाटली. इतक्या वर्षांत वर असं कधी झालं नव्हतं. पेजर थरथरत होता, खालून खरखर येत होती. त्याने गुडघा कठड्यावरून मागे घेतला, धुराड्याच्या भिंतीला पाठ लावून तो खाली बसला, आणि बराच वेळ उठला नाही.