पोस्टरवरची तलवार आणि काठवटीतलं पीठ

जालन्याच्या बसस्थानकात उतरले आणि सगळ्यात आधी भेटला तो एक घोडा. समोरच्या भिंतीवर भलंमोठं पोस्टर. त्यात उधळलेला घोडा, घोड्यावर पिळदार दंडांचा नायक, त्याच्या हातात रक्ताळलेली तलवार आणि खाली नाव : 'काठवट'. कऱ्हाडपासून बसमध्ये अवघडून आले होते, पण पाठ, कंबर सगळं विसरले. डोक्यात तिडीकच गेली.

आपल्या वाचक मंडळात 'काठवट' ही कादंबरी पुष्कळांनी वाचली आहे. ज्यांची राहिली त्यांच्यासाठी सांगते. मंठ्याच्या भास्करसरांच्या या कादंबरीत ना घोडा आहे ना तलवार. निजामाच्या राजवटीत परवानगीशिवाय शाळा काढायला बंदी होती. त्या दिवसांत पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला एक मास्तर आपल्या घरात वस्तीतल्या पोरांना गुपचूप मराठी अक्षरं शिकवायचे. पाटी ठेवायची सोय नव्हती. म्हणून काठवटीत (भाकरीचं पीठ मळायच्या लाकडी परातीत) ज्वारीचं पीठ पसरायचं आणि त्यात बोटानं अक्षर काढायचं. दारात परकं माणूस आलं की मास्तरांची बायको पिठात पाणी ओतून मळायला बसायची. शाळा मोडली, भाकरी सुरू! मला ही कादंबरी जवळजवळ पाठ आहे, कारण तिची छपाईआधीची मुद्रितं मीच तपासली. आता तिच्यावर सिनेमा येतोय, आणि प्रसिद्धीच्या दोन दिवसांच्या दौऱ्याला सरांनी मला हौसेनं बोलावलं होतं.

सर मोसंब्यांची पिशवी घेऊन स्थानकात उभेच होते.

"ताई, प्रवास बराबर झाला ना?"

"झाला. सर, हा घोडा कुणाचा?"

सरांनी पोस्टरकडे बघायचं टाळलं. "सिनेमाचा हाये," ते म्हणाले. मग हळूच, "शेवंतामावशीनं अजून बघितलं न्हाई."

शेवंतामावशी म्हणजे त्या मास्तरांची मुलगी. त्याच काठवटीत पहिलं अक्षर गिरवलेली. सगळी हकिगत तिनंच सरांना सांगितली, ती एका अटीवर : माझ्या बाच्या हातात हत्यार द्यायचं नाही, त्यानं कुठल्या लेकरावर छडीसुद्धा उगारली नव्हती. सरांनी तिच्या पायाला हात लावून तसा शब्द दिला होता.

"मग तुम्ही मान्य तरी कसं केलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"करारात हाये म्हणे. कथेत आवश्यक ते बदल करता येतील. सही माझीच हाये." मोसंब्यांची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "तो कागद तुमच्याकडं पाठविल्ता ना मी."

पाठवला होता. मी वाचून परतही केला होता. पण त्या क्षणी पोस्टरवर रागावणं जास्त सोयीचं होतं.

निर्मात्यांतर्फे प्रसिद्धी सांभाळणारा निनाद गाडी घेऊन आला. मुंबईचा, पस्तिशीतला, बोलायला गोड. गाडीच्या टपावर त्याच घोडेस्वाराचा पुठ्ठ्याचा पुतळा बांधलेला. गाडी सुरू होताच त्यानं काम सांगून टाकलं. "सर, पिंपळगावच्या कार्यक्रमात कॅमेऱ्यासमोर एकच वाक्य हवंय. 'माझी कादंबरी जशीच्या तशी पडद्यावर आली आहे.' बस्स!"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. मंठ्यापर्यंत दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि मध्ये तुरीचे पट्टे होते.

मंठ्यात बाजाराच्या आवारात मांडव घातला होता. अर्धी गर्दी सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांची. सिनेमाची झलक दाखवून झाल्यावर एक आडत व्यापारी उठून उभे राहिले. "सर, म्या तुमचं पुस्तक दुसऱ्यांदा वाचून राह्यलो. त्याच्यात मास्तरकडं शेळी व्हती. घोडा कव्हा घेतला त्यानं?"

मांडवात हशा पिकला. निनादही हसला. "काका, सिनेमात शेळी चालत नाही."

"का नाही चालत? चार पाय तिलाही आहेत," मी जागेवरूनच म्हणाले. सरांनी मान खाली घातली. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटली. आता वाटतं, त्यांना स्वतःची वाटली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहागड. निनादला मागं गोदावरी हवी होती. कादंबरीत नदीचा पत्ता नाही, पण ते असो. गावात शिरताना टपावरची तलवार झाडाच्या फांदीला अडकून मुठीपासून मोडली. निनाद चिकटपट्टी शोधायला धावला आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

हमरस्त्यावरच्या ढाब्यावर जेवायला बसलो. गरम भाकरी, झणझणीत शेवभाजी, वर ठेचा. शेजारच्या बाजेवर एक ट्रकवाले भाऊ हात पुसत बसले होते. "ह्यो कोन राजा म्हनायचा?" त्यांनी पुतळ्याकडे बोट दाखवलं.

"राजा न्हाई, मास्तर हाये," सर म्हणाले.

"मास्तर? मंग पुस्तक द्या न राव हातात. तलवारीनं काय हजेरी घेतो का?"

एवढी साधी गोष्ट एका ट्रकवाल्याला जेवता जेवता कळली. ज्यांनी महिनोन् महिने बैठका मारल्या त्यांना कळली नाही. मी निनादला तसं सुनावलं.

तो शांतपणे म्हणाला, "ताई, पिठात बोट फिरवणारा हिरो तिकीट काढून कोण बघणार?"

मग मात्र माझा तोल सुटला. "अहो, तलवार हातात असताना शूर व्हायला काय लागतं? पकडला गेला असता तर त्या माणसाचं घर बुडालं असतं. तरी रोज उठून तो पीठ पसरत होता. याहून मोठी मर्दुमकी तुम्हाला कुठली हवी? तुम्ही त्याला मोठा नाही केलात, पुसून टाकलात!" आजूबाजूचे जेवायचे थांबले. सर खाली बघून भाकरी मोडत राहिले. मला त्यांचाही राग आला.

पिंपळगाव रेणुकाईला पोचायला संध्याकाळ झाली. देवीचं दर्शन घेऊन मांडवात गेलो, तर पहिल्या रांगेत शेवंतामावशी बसलेली. वाळकीशी म्हातारी, डोळे मात्र लख्ख. मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, वाटोळं.

"काठवट हाये," तिनं मला सांगितलं. "सिनेमावाल्यांना लागंल म्हनून आनली. तेल लावून पुसली चांगली."

तेवढ्यात झलक सुरू झाली. टापा, आगीचे लोळ, किंकाळ्या आणि मास्तर म्हणवणाऱ्या नटाची सपासप चालणारी तलवार. पडदा विझला. त्या शांततेत मावशीचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "ह्याच्यात काठवट कव्हा येती?"



निनादनं घाईघाईनं सरांच्या हातात माइक दिला आणि कॅमेरा सुरू केला. "माझी कादंबरी..." एवढं म्हणून सर थांबले. त्यांनी मावशीकडे पाहिलं. मग माइक बंद करून खाली ठेवला आणि व्यासपीठावरून उतरून तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसले. "मावशी, तूच दाखव ह्या लोकांना."

शेजारच्या घरातून ज्वारीचं पीठ आलं. मावशीनं काठवट मांडली, तळहातानं पीठ सारखं केलं आणि वाकड्या झालेल्या बोटानं सावकाश एक नाव लिहिलं : किसन. तिच्या वडिलांचं. म्हातारी माणसं पुढं वाकून बघायला लागली.

निनादचे डोळे चमकले. "वा! हेच घ्या, हेच घ्या! मावशी, इकडे बघून परत एकदा लिहा." कॅमेरावाल्याला ओढत तो थेट काठवटीवर येऊन वाकला.

मावशीनं मान वर केली. "भास्करा, ह्यो आपला मानूस हाये का?"

सरांनी निनादकडे पाहिलं. "न्हाई, मावशी," ते म्हणाले. "परका हाये."

मावशीनं शेजारचा तांब्या उचलला आणि पिठात पाणी ओतलं. कॅमेरा नीट रोखला जाईपर्यंत नाव नाहीसं झालं होतं आणि ती दोन्ही हातांनी मळत होती.

"सर, हे करारात बसत नाही," निनाद पुटपुटला.

"मंग नका बसवू," सर म्हणाले. 'जशीच्या तशी'चं ते वाक्य सिनेमावाल्यांना मिळालं नाही.

त्याच पिठाच्या भाकऱ्या मावशीनं घरी नेऊन थापल्या. पत्र्याचं नीटनेटकं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. चुलीपाशी बसल्यावर मला राहवेना. "मावशी, तो करार सरांनी आधी मला दाखवला होता. मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईनं दुरुस्त केल्या आणि 'ठीक आहे' म्हणून परत पाठवला. बदलाचं ते कलम माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं. त्यात चूक नव्हती, म्हणून मी थांबलेच नाही."

मावशीनं भाकरी उलटली. "तुला वाचता येत व्हतं न?"

"हो."

"मंग नीट वाचायचं, बाई. आमच्या बानं त्याच्यासाठीच तर केल्तं समदं."

एवढंच. तव्यावरची भाकरी कापडात बांधून तिनं वाटेसाठी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या स्थानकात बसची वाट बघत मी त्याच पोस्टरसमोर उभी राहिले. या वेळी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. 'सत्यकथेवर आधारित' हे ठळक अक्षरांत आणि पार तळाशी, छापखान्याच्या नावाच्या वर, सरांचं नाव. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.