माझ्या लग्नातलं चौथं मंगलाष्टक

परतूरच्या स्टेशनावर मला गाडीत बसवायला माझे सासरे आल्ते, वडील न्हाई. लग्नाला महिना झालेला, हातात हिरवा चुडा, आणि मी निघाले होते औरंगाबादला, डी.एड.च्या होस्टेलवर. सासऱ्यांनी ट्रंक बाकाखाली सरकवली आणि डब्यातल्या दोन बायांना सांगितलं, आमची सून मास्तरीण होऊन राह्यली, जरा लक्ष ठेवा. बाया माझ्या चुड्याकडंच बघत बसल्या.

गावाकडच्यांनो, तुम्हाला हा किस्सा पाठ आहे. माझ्यासारख्या ज्या बाहेर पडल्या, त्यांच्यासाठी सांगते. मला शाळेपासून कविता जुळवायचा नाद. गावात कुणाचंही लग्न निघालं की मंगलाष्टकं माझ्याकडून. पहाडी आवाजाचे माझे मामा ती माइकवर म्हणायचे, आणि शाबासकीही तेच घ्यायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा डी.एड.ला नंबर लागलेला होता. बैठकीत मुलाकडचे पाहुणे म्हणाले, आता शिक्षण बस्स. बाबांनी 'बराबर' म्हणून मान डोलावली. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी, मला कुणी विचारलंच न्हाई. फार रडले. मंग वही काढली.

मंगलाष्टकं कुणी ऐकत न्हाई, हे मला पक्कं ठाऊक होतं. लोकांचं लक्ष अक्षता फेकण्यात आणि पंगतीत. मामाही कागद आधी वाचायचे न्हाईत, थेट सूर लावायचे. चौथ्या मंगलाष्टकाला त्यांनी झकास तान घेतली, 'शाळेची तिज वाट मोकळि असो, विद्या पुरी होउ दे'. 'सावधान' झालं आणि सवयीनं साऱ्या मांडवानं अक्षता टाकल्या. शब्द डोक्यात शिरले ते नंतर. अंतरपाटाआड उभ्या उभ्या, खरं सांगते, तेवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

बाबा म्हणाले, नाक कापलंस. हात जोडून ते व्याह्यांपुढं उभे राहिले, पोरीचं मनावर घेऊ नका म्हणाले. सासऱ्यांनी त्यांचे जोडलेले हात खाली घेतले.

"पाहुणे, माझ्याबी हातानं अक्षता पडल्यात," ते म्हणाले. "आता न्हाई कसं म्हणू?"

आज पुण्यात माझी शाळा आहे, फ्लॅट आहे, खाली पार्किंगवरून भांडणारे शेजारी आहेत. बाबा शेवटपर्यंत चौकातल्या हॉटेलात बसून ते चौथं मंगलाष्टक लोकांना म्हणून दाखवायचे. आमच्या पोरीचं हाय, म्हणायचे. मला त्याचा अजून अभिमान वाटतो, त्यांचाही आणि माझाही.

आता गावाकडून मोबाईलवर पोरींचे फोन येतात. आत्या, मला पोलीस भरती द्यायचीय, तेवढं माझ्या मंगलाष्टकात टाका. आत्या, मला नोकरी सोडायची न्हाई. मी लिफ्टमध्येच ओळी जुळवायला लागते. राहते मी इथं, पण घर म्हणाल तर त्या फोनच्या पलीकडं आहे, जिथल्या पोरींना आपलं मागणं माझ्याकडून लिहून हवं असतं.

मुलाकडचेही हुशार झालेत. बैठकीतच म्हणतात, मंगलाष्टकं आधी दाखवा. मी म्हणते, खुशाल दाखवा. पोरीच्या मागण्याला नकार द्यायचा तर मंग त्यांना मांडवाआधीच द्यावा लागतो, तिच्या तोंडावर. दोघी पोरींनी तशी नकार देणारी स्थळं परत पाठवली. त्या दोघींची मंगलाष्टकं माझ्याकडं तयार आहेत. आम्हा तिघींनाही घाई न्हाई.