तीन वर्षांचा परवाना

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. आयुष्यभर घरघर ऐकून निवृत्त झाल्यावर त्यांना शांतता हवी होती आणि ती त्यांना धरणाच्या काठावर सापडली. रविवारी पहाटे गळ, कणकेचे गोळे आणि डबा घेऊन निघायचं, पाण्यावरच्या धुक्याकडे बघत बसायचं. मासा लागला तर ठीक, नाही लागला तरी ठीक.

तिथली मच्छीमार सोसायटी हौशी लोकांना वर्षाचा परवाना द्यायची. तो मार्चअखेर संपायचा. एप्रिलमध्ये मी अण्णांना स्कूटरवर घेऊन जायची आणि ते नवा काढायचे.

दोन वर्षांपूर्वी गेलो, तेव्हा टेबलामागच्या बाईंनी सांगितलं, "बाबा, आता वर्षाचा बंद झाला. घ्याल त्या दिवसापासून तीन वर्षं चालेल. दरवर्षीचा हेलपाटा वाचला तुमचा."

आदल्या दिवाळीतच अण्णांची बायपास झाली होती. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी फॉर्म पुढे ओढून वाचला.

"एका वर्षाचाच द्या ना."

"तसा नियमच नाही राहिला, बाबा."

"तीन वर्षांचा घेऊन मी करू काय?" असं म्हणून त्यांनी फॉर्म हळूच परत सरकवला आणि बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभे राहिले.

त्यानंतरच्या रविवारी ते पहाटे उठले, चहा घेतला आणि गॅलरीत बसून राहिले. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांकडे ते असे बघायचे, की जणू मधे कुठेतरी धरण असावं. मी काही बोलले तर त्यांना ऐकू यायचं नाही. असे पाच रविवार गेले.

सहाव्या आठवड्यात मी एकटीच सोसायटीत गेले आणि स्वतःच्या नावाने परवाना काढला. आयुष्यात कधी गळ हातात धरला नव्हता. घरी येऊन म्हटलं, "अण्णा, मला शिकवा."

त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "मी हात लावणार नाही हं. माझ्याकडे परवाना नाही."

"नका लावू. नुसतं सांगा."

आणि खरंच त्यांनी हात लावला नाही. काठावर माझ्यामागे हात बांधून ते उभे राहायचे आणि सांगत राहायचे. "दोरी सैल सोड. तरंगणाऱ्या बुचाकडे टक लावू नकोस, आजूबाजूला बघ. ते हललं की कळतंच." मी बघत राहायची. ऊन चढायचं, पाणी पांढरं व्हायचं, पलीकडचा डोंगर आणि त्याची सावली यातलं खरं कोणतं ते कळेनासं व्हायचं. डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखं वाटायचं. अण्णा इतकी वर्षं इथे कशासाठी येत होते, ते मला तेव्हा कळलं.

अशाच एका सकाळी बूच एकदम खाली गेलं. काठी वाकली, माझा पाय चिखलात घसरला आणि काठी हातातून सुटतेय असं वाटलं तोच मागून दोन हात आले. अण्णांनी काठी घट्ट धरली. ते ओढत नव्हते, माशाला दमू देत होते. टाके पडलेल्या त्या छातीत एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. चांगला हातभर रोहू होता. अण्णांनी त्याच्या तोंडातून गळ काढला, क्षणभर त्याला दोन्ही हातांत धरलं आणि पाण्यात सोडून दिला.

मग ते खाली बसले. त्यांना धाप लागली होती. मी घाबरले, पण ते हसत होते.

"बिनपरवान्याचं झालं हे," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मी शाळेत शिकवायला निघाले, तर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. खिशात फोटो. मी शाळेत फोन करून उशिरा येते म्हणून कळवलं. सोसायटीतल्या बाईंनी काही न विचारता फॉर्म पुढे केला. अण्णांनी तो भरला, सही केली आणि तारखेकडे न बघता कार्ड पाकिटात ठेवलं.

त्याला आता दीड वर्ष झालं. काठापर्यंतची उतरण उतरायला त्यांना वेळ लागतो, स्टूल मी नेते. आम्ही एकमेकांपासून थोडं लांब बसतो, आपापला गळ टाकून. बोलत नाही फारसं. मागच्या रविवारी मात्र बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "झोपलीस का गं?"

"नाही," मी म्हटलं. खरं तर मला नक्की सांगता आलं नसतं.