पहिलं झाकण

एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास मी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत दुधाचे कॅन ओतायचो. आमचे सुपरवायझर शेळगावहून मोटरसायकलवर यायचे आणि गाडी बंद व्हायच्या आत त्यांचं ओरडणं सुरू व्हायचं. प्रत्येक कॅनचं झाकण उघडून ते स्वतः हुंगायचे. मग "घ्या" नाहीतर "परत", एवढंच. मध्ये कुणी बोललं की, "नाक माझं हाय का तुमचं?" ऐकून ऐकून आम्ही गप्प राहायला शिकलो होतो.

एका थंडीत त्यांना जबर सर्दी झाली. एका कॅनातलं दूध आंबलेलं होतं; शेजारी उभ्या असलेल्या मलासुद्धा वास आला. ते "घ्या" म्हणाले. मी ओतलं. दुपारी अख्ख्या टाकीतलं दूध नासलं.

"तुला वास आला न्हाय?"

"आला हुता, साहेब."

ते ओरडले नाहीत. एका पालथ्या कॅनवर बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिलं झाकण माझ्यापुढं धरलं. मी हुंगलं आणि म्हणालो, "चांगलं हाय."

"खरं सांगतूस, का मला भिऊन?"

मी पुन्हा हुंगलं. आता मलाच सांगता येईना.