कच्चं दूध आणि व्याह्यांचा कोट

मास्तर गिऱ्हाइकाचं माप घेत नसत. कोणी आपणहून कोट काढून समोर उभं राहिलंच तर म्हणत, "माप घ्यायला मी काय कपाट करतोय?" मग त्या माणसाकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघत, त्याला एक गिरकी घ्यायला लावत आणि म्हणत, "समजलं. मंगळवारी या."

त्यांचं माप म्हणजे ते स्वतःच. बँकेतला कॅशियर म्हणजे 'मी, एक बोट कमी'. शेजारचा बेकरीवाला म्हणजे 'मी, पोटावर चार बोटं जास्त'. शाळेचे हेडमास्तर म्हणजे 'मी, पण खांदे पडलेले'. कोट कच्च्या टाक्यांवर आला की मास्तर तो स्वतःच्या अंगावर चढवून आरशासमोर उभे राहत. बेकरीवाल्याचा असला तर पोटावर टॉवेलची घडी धरत. हेडमास्तरांचा असला तर खांदे पाडून चेहराही जरा दुःखी करत, आणि मग टाचण्या लावत. बाकीचे शिंपी शिलाईच्या आत थोडं जादा कापड ठेवतात, उद्या सैल करायची वेळ आली तर असावं म्हणून. मास्तर तेही छाटून टाकत. "ज्याला स्वतःची खात्री नाही त्याने ठेवावं," असं म्हणत. आणि कोट बसायचे, हे मात्र त्यांच्या शत्रूलाही कबूल करावं लागे.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं ते चष्म्याच्या दुकानवाल्याच्या मुलाशी. बघण्याच्या दिवशी मुलगा कसा आहे हे मास्तरीणबाई बघत होत्या. मास्तर मुलाच्या बापाचे खांदे बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "अगं, तो माणूस म्हणजे मीच. एक धागा इकडे नाही की तिकडे नाही."

"मग पोरीचं काही खरं नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

चष्मेवाले विधुर होते. मोजकं बोलायचे, तेही फ्रेममध्ये बसवल्यासारखं. लग्नात घालायच्या कोटासाठी त्यांनी राखाडी लोकरीचं कापड आणून दिलं, उत्तम आणि अगदी बेताचं. त्या रात्री मुलगी बापाजवळ येऊन बसली.

"बाबा, एकच सांगते. त्या घरात सासू नाही, पण आत्या, मावश्या, काकू ढीगभर आहेत आणि सगळ्या नाक मुरडण्यात पटाईत. मी दारात पाऊल टाकेन तेव्हा त्या मला नंतर बघतील, आधी तुमचा कोट बघतील. तेवढा नीट बसू दे."

"बसू दे?" मास्तरांना जवळजवळ राग आला. "डोळे मिटून बसेल."

इथवर सगळं ठीक होतं. पण कापड द्यायला आले तेव्हा चष्मेवाल्यांपुढे मास्तरीणबाईंनी केकची बशी ठेवली होती आणि त्यांनी ती दोन बोटांनी हलकेच परत सरकवली होती. "ऋतू बदलतोय. या दिवसांत मी आठवडाभर फक्त कच्चं दूध घेतो. न तापवलेलं. माणूस आतून धुऊन निघतो." एवढं बोलून त्यांची नजर मास्तरांच्या पोटावर क्षणभर थांबली. चष्मेवाल्याची नजर ती, चुकून कुठे थांबायची नाही.

मास्तरांना ते लागलं. व्याही आतून धुतलेला आणि आपण मळके, हे कसं चालेल? दुसऱ्या दिवशी पहाटे ते गवळ्याच्या दारात किटली घेऊन उभे.

"दरवर्षी धुऊन निघतात, तर पोट तुमच्याएवढंच कसं त्यांचं?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "आणि माणसाला विस्तव सापडला तो काय नुसता बघत बसायला?" मास्तर किटलीतून थंडगार दूध पेल्यात ओतून, डोळे मिटून पीत होते.

पहिला दिवस भक्तीत गेला. दुसऱ्या दिवसापासून दुधाने आपलं काम सुरू केलं. मास्तरीणबाई आतल्या खोलीत काजं करत बसत आणि बाहेरच्या मशीनच्या आवाजावरून त्यांना सगळं कळे. मशीन खडखडत चाललेलं असे, मध्येच थांबे, खुर्ची मागे सरके, चपला धावत आणि दार धाडकन लागे. बाही शिवायची तर चार वेळा उठावं लागे. शुद्धी किती झाली ते देव जाणे. धावपळ मात्र पुष्कळ झाली. शेजारच्या बेकरीतून ताज्या पावाचा वास आला की मास्तर खिडकी लावून घेत, आणि दोन मिनिटांनी स्वतःच उठून उघडत.

"दुधाने तोंड भाजतं असं ऐकलं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "न तापवलेल्या दुधाने भाजलेला माणूस पहिल्यांदाच बघतेय."

पण आठवडा संपला तरी मास्तर थांबेनात. पँट कमरेवर राहीना, तिला खांद्यांवरून गॅलिसचे पट्टे लावले. गाल बसले. आरशात बघून स्वतःवरच खूश होऊ लागले. व्याही आठवडाभर करतात ना? मग आपण दोन आठवडे करू! आणि याच दिवसांत, लग्नसराईचे दिवस असल्याने, त्यांनी ओळीने कोट बेतले: कॅशियरचा, हेडमास्तरांचा, बेकरीवाल्याचा आणि जीव ओतून, राखाडी लोकरीचा. प्रत्येक कोट नेहमीसारखा अंगावर चढवला, आरशासमोर उभे राहिले, टाचण्या लावल्या आणि जादा कापड छाटलं. स्वतःची पँट ढिली झाली म्हणून गॅलिस लावणाऱ्या या माणसाच्या डोक्यात पुढचा विचार काही आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पहिला परत आला कॅशियर. बटण आणि काज यांच्यात तीन बोटांचं अंतर होतं. मास्तरांनी कोट घेतला, स्वतःच्या अंगावर चढवला आणि बटण लावून दाखवलं. बटण अलगद लागलं.

"बघा. कोटात काय आहे? कोट आहे तसाच आहे."

"म्हणजे मी..." कॅशियरने खाली पोटाकडे बघितलं.

"दिवसभर बसून नोटा मोजायच्या, दुसरं काय होणार? घाबरू नका. ऋतू बदलतोय. गवळ्याकडून कच्चं दूध आणा."

बिचारा शरमून गेला आणि सरळ गवळ्याकडे गेला. संध्याकाळी हेडमास्तर आले, त्यांनाही तेच औषध मिळालं. बेकरीवाल्याला तर मास्तरांनी चांगलं अर्धा तास धारेवर धरलं. दोन-तीन दिवसांत रस्त्यावरची निम्मी दुकानं दुपारी 'आत्ता येतो' अशी पाटी लावून बंद होऊ लागली. गवळी मात्र मास्तरांना रस्त्यात वाकून नमस्कार करू लागला.

लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा मास्तरीणबाईंनी कपाटातून नवऱ्याचा निळा कोट काढला. गेल्याच वर्षी शिवलेला होता. "घालून बघा, इस्त्री करायची आहे."

मास्तरांनी घातला. कोट खांद्यांवरून लोंबला, पोटापुढे त्याची झोळी झाली. मास्तरीणबाई सुई हातात धरून बघत राहिल्या.

"अहो, गेल्या वर्षी याचं बटण लागताना तुम्ही श्वास धरला होता."

"असेल."

"मग व्याह्यांचा कोट कोणाच्या अंगावर बेतलात?"

मास्तर कटिंगच्या टेबलावर बसले. त्या टेबलावर कोणाला ते पेलाही ठेवू देत नसत. कॅशियरचा चेहरा डोळ्यांपुढे आला, बेकरीवाल्याचा आला, आणि मग राखाडी कापड आलं. त्यातली एक चिंधी उरली नव्हती. शिलाईत जादा ठेवलेलं त्यांनी स्वतःच्या हातांनी छाटलं होतं. मुलगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सांगून टाका त्यांना," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"काय सांगू? की ज्या घरची मुलगी करून घेताय त्या घरच्या शिंप्याला स्वतःची कंबर कळत नाही?"

तेवढ्यात दुकानाचं दार वाजलं. चष्मेवाले ट्रायलला आले होते.

त्यांनी कोट घातला. कोट पाठीला बसला, काखेत काचला आणि पुढे उघडाच राहिला. चष्मेवाल्यांनी दोन्ही कडा ओढून पाहिल्या. एकदा श्वास धरून पुन्हा पाहिल्या. मग आरशातल्या माणसाकडे बघत राहिले आणि कानापर्यंत लाल झाले.

मास्तर उत्तर शोधत होते, पण उत्तर चष्मेवाल्यांनीच दिलं. "तुमची चूक नाही, मास्तर," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या कोटात चूक असते असं कधी कोणाकडून ऐकलं नाही. माझंच आहे हे. आता लपवून काय करू? तो दुधाचा उपास... मी करत नाही. आमची ही होती तेव्हा ती करायची, मी तिच्यासोबत दूध प्यायचो आणि दुकानात जाऊन बिस्किटं खायचो. ती गेल्यावर लोकांना सांगत राहिलो, करतो म्हणून. रात्री स्वयंपाकघरात उभा राहूनच खातो. बसून खायला एकट्याला लाज वाटते. किती खातो ते कळतच नाही."

मास्तरांच्या समोर सुटकेची वाट आयती उघडली होती. 'असू दे व्याहीबुवा, ऋतूच असा आहे,' एवढं म्हटलं की कोट बरोबर, मास्तर बरोबर, आणि दोष सगळा बिस्किटांचा. आठवडाभर हेच वाक्य बोलून जिभेला वळणही पडलं होतं. त्यांनी मुलीकडे बघितलं. ती बापाकडे बघत नव्हती. ती सासऱ्यांकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. परवापासून ती या माणसाच्या स्वयंपाकघरात असणार होती, आणि हा माणूस तिच्या नजरेला नजर न देता उभ्याने खाणार होता. तेही आपल्यामुळे.

"व्याहीबुवा," मास्तर म्हणाले, "तुम्ही तसूभरही वाढलेला नाहीत. मी आटलोय. तुमचं ऐकून मी दोन आठवडे दूध पितोय आणि तुमचा कोट माझ्या अंगावर बेतलाय. चूक माझी. माझ्या मुलीची नाही, तुमचीही नाही."

चष्मेवाल्यांना हे पोचायला वेळ लागला. "म्हणजे मी जाड झालो नाही?"

"होतात तेवढेच आहात."

"आणि तुम्ही ते दूध खरंच प्यायलात? दोन आठवडे?"

"हो."

"आणि मी आत्ता उगाच सगळं सांगून टाकलं? सूनबाईसमोर?"

"हो."

चष्मेवाल्यांचा चेहरा असा झाला की आता लग्न मोडतंय की काय, असं मास्तरीणबाईंना वाटलं. पण त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आवाज न करता, चष्मा काढून, डोळे पुसत हसत होते. कोटाच्या पाठीची शिलाई टर्रकन उसवली तरी थांबेनात. "दोन आठवडे!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मास्तरीणबाई आत गेल्या आणि आमलेट-पावाच्या दोन बश्या घेऊन आल्या. मुलीने टेबलावरची कात्री उचलून खुर्च्या पुढे ओढल्या. "बसून खा, बाबा," ती म्हणाली. दोघांनीही वर पाहिलं. दोघेही बसले.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मास्तर मशीनवरून उठले नाहीत. राखाडी कापड नव्हतं, पण त्यांच्या निळ्या कोटात आता भरपूर कापड जादा होतं. अंगावरून जे उतरलं होतं ते त्यांनी तिथून कापून काढलं आणि राखाडी कोटाच्या दोन्ही काखांखाली पार कमरेपर्यंत पट्ट्या जोडून टाकल्या. मध्येच जाऊन कॅशियरची, हेडमास्तरांची, बेकरीवाल्याची माफी मागून आले. हेडमास्तरांनी क्षमा केली. बेकरीवाला म्हणाला, "मास्तर, मी दूध एक दिवसच प्यायलो, पण तो दिवस मी विसरणार नाही."

लग्नात चष्मेवाले हात अंगाला चिकटवून वावरले. पाहुण्यांना नुसती मान लववून भेटले, ताट कोपर न हलवता धरलं, फोटोतही ताठ उभे राहिले. आत्या, मावश्या, काकू सगळ्यांनी कोट डोळ्यांत तेल घालून बघितला, आणि म्हणाल्या की कोटाने माणसाला काय रुबाब आणलाय! मुलगी लांबून बापाकडे बघून हसली. मास्तरांना धीर आला.

मग निघायची वेळ झाली. गाडी दारात लागली, मुलगी आईच्या गळ्यात पडली, मग बापाच्या. मास्तर तोवर कोणाच्याही कोटाची बटणं बघत वेळ काढत होते. मुलगी गाडीत बसली आणि त्यांना उभं राहवेना. उरलासुरला निळा कोट घालून ते सगळ्यांसमोर लहान मुलासारखे रडू लागले. लोक बाजूला झाले. चष्मेवाले गाडीजवळून परत फिरले, भरभर चालत आले, आणि दोन्ही हात वर करून त्यांनी व्याह्यांना गळ्याशी ओढून घेतलं.

काखांखालच्या निळ्या पट्ट्या सगळ्या मांडवाने पाहिल्या. एका मावशीने दुसरीला कोपराने ढोसलं. मास्तरांनीही पाहिल्या, अगदी डोळ्यांसमोरच होत्या, आणि डावीकडचा टाका जरा वाकडा गेला होता. व्याही हात खाली घेऊ लागले तसे मास्तर त्यांच्या कानात म्हणाले, "राहू द्या. अजून थोडा वेळ राहू द्या."