दोन नंबर मोठा

कापडाच्या दुकानात ताग्याचा शेवटचा हातभर तुकडा उरतो ना, तो विकलाही जात नाही आणि फेकवतही नाही. किस्स्यांचं तसंच असतं. तलासरीत माझं रेडिमेडचं दुकान आहे, मुख्य धंदा शाळेच्या गणवेशांचा. पोरं गणवेश घ्यायला येतात, काही दिवसांनी दिसेनाशी होतात, आणि प्रत्येकाचा एकेक तुकडा माझ्याकडे राहून जातो. पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतले हे तुकडे. ऐकून हसू आलं तर खुशाल हसा. आम्हीही हसलोय. आता हसायचाही कंटाळा आलाय, हा भाग वेगळा!

आम्ही म्हणजे तिघं. एक मी. दुसरे राऊत गुरुजी, जवळच्या पाड्यावर शाळा चालवतात आणि शाळा सुटली की माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसतात. तिसरे जयंतीभाई. त्यांची नरपडला चिकूची वाडी आहे, पण तलासरीला काही काम निघालं की चहा माझ्याकडेच.

* * *

पहिला किस्सा मंगीचा. शेवटचाही तिचाच आहे, म्हणून तिला नीट लक्षात ठेवा.

जूनची गर्दी होती. सोमी नावाची पाड्यावरची बाई आली. कडेवर तान्हा पोरगा, मागे दोन पोरी. मोठी मंगी पाचवीत, धाकटी रेखी नुकतीच पहिलीत. सरकारी गणवेश मिळतो, पण तो कधी येईल हे गुरुजींनाही सांगता येत नाही. म्हणून मंगीपुरता एक विकत घ्यायचा होता.

आमच्याकडे अंगाबरोबर बसणारा गणवेश कोणी घेत नाही. दोन नंबर मोठा घ्यायचा, बाह्या दुमडायच्या, खालची पट्टी आत घेऊन टीप मारायची आणि पोर वाढेल तशी उसवत जायची. गिऱ्हाइकाने न सांगता मी तसाच काढतो. सोमीपुढेही तसाच टाकला.

मंगीने अंगाला लावून पाहिला. हात बाहीत हरवले. म्हणाली, "शेठ, एवढा मोठा कशाला? मोठी होईस्तवर शाळेत राहीन कशावरून?"

"गप गं!" सोमी ओरडली. आणि मोठाच घेऊन गेली.

पोरगी वात्रटपणा करत नव्हती. पावसाळ्यात मुकादम उचल म्हणून घरात तांदूळ टाकतो, आणि दिवाळी झाली की त्याची गाडी दारात उभी राहते. मग सगळं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर, ते पावसाच्या तोंडावर परत. आईबाप माती मळणार, मग लहानग्याला घेणार कोण? मोठी बहीण. मागच्या वर्षी मंगीची शाळा अशीच मध्येच सुटली होती. यंदा तिला जायचं नव्हतं.

गुरुजी तर हट्टालाच पेटले होते. "शेठ, पोरगी वाचते हो! भज्यांचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही!"

* * *

याच गुरुजींनी एकदा वर्गात गणित घातलं. एक मजूर दिवसाला पाचशे विटा पाडतो, तर दोन हजार विटा पाडायला त्याला किती दिवस लागतील?

एकही पोर पाटीला हात लावेना. गुरुजींना वाटलं, भागाकार विसरली. मागच्या रांगेतल्या एकाने हात वर केला.

"गुरुजी, त्याला पोरं किती?"

त्या दिवशी स्टुलावर बसून गुरुजींनी मला हे सांगितलं. मग म्हणाले, "शेठ, चूक माझीच. गणितात माहिती अपुरी होती!"

* * *

एकदा वरून हुकूम आला, शाळाबाह्य मुलं शोधा. गुरुजी भर पावसात पाडा पाडा फिरले. ज्याच्या दारात जावं तिथे पोरं हजर! सगळी शाळेत जाणारी, सगळ्यांची नावं हजेरीत. शाळाबाह्य एकही नाही.

शेवटच्या घरात एक म्हातारी जात्यावर नागली दळत होती. तिने विचारलं, "काय मोजता, बाबा?"

"शाळेत न जाणारी पोरं, आजी."

"मंग आत्ता कशाला आलात चिखलातून? दिवाळी झाली का या. मोजायला काय बी तरास नाय. कोणी राहातच नाय!"

* * *

हायवेवरच्या एसटीतला किस्सा मी स्वतः पाहिलेला. पुढच्या सीटवर एक बाई, शेजारी पोरगी. कंडक्टरने वय विचारलं.

"पाच वरसाची नाय झाली अजून."

कंडक्टर जुना माणूस. पोरीकडे बघून म्हणाला, "ताई, मागल्या वर्षी पण हीच होती, आणि एवढ्याच वयाची होती!"

गाडी हसली. बाई पण हसली. मनोरला एक मुकादम चढला, बाईच्या ओळखीचा निघाला. पोरीकडे बघून म्हणाला, "ही लहान दिसते. काम जमेल का हिला?"

"लहान कसली? बारावं सरलं!"

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तलासरी ते मनोर, एवढ्याशा रस्त्यात पोरगी सात वर्षांनी वाढली! आमच्या एसटीला उगीच नावं ठेवतात लोक.

* * *

जयंतीभाईंना कोणीतरी सल्ला दिला की, वाडीवर कामगार खात्याचे साहेब येणार, फाटकावर बोर्ड लावून घ्या. त्यांनी झकास रंगवून घेतला, 'येथे बालकामगार ठेवले जात नाहीत'. साहेब आले, बोर्ड वाचला, चिकू खाल्ले, खूश होऊन गेले.

मी विचारलं, "भाई, एवढा उंच टांगला कोणी?"

"अरे शेठ, शिडी मोडकी. मोटा माणूस चढला असता तर पडला असता ना! वाडीतल्या एका पोराला चढवला. हलका, एकदम फटाफट!"

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. भाई गोंधळून आमच्याकडे बघत राहिले. माणूस वाईट नाही हो. त्या पोराला त्यांनी वर चिकूही दिले होते.

* * *

एकदा मात्र गुरुजींनी मलाच पकडलं. "शेठ, तुम्ही दुकानात कधी बसायला लागलात?"

"चौथी झाली आणि गल्ल्यावर बसलो, तेव्हा इथे किराणा होता. पुढचं शिक्षण पुड्यांच्या रद्दीवर."

"म्हणजे तुम्ही पण बालकामगार!"

"छे हो गुरुजी! दुकान बापाचं होतं. त्याला धंद्याचे संस्कार म्हणतात."

जयंतीभाई इतके हसले की बशीतला चहा सांडला. गुरुजी हसले नाहीत.

* * *

आता मंगी.

भट्टीवर जाणाऱ्यांच्या पोरांसाठी गावातच राहायची-जेवायची सोय होते, हंगामी वसतिगृह म्हणतात त्याला. गुरुजींनी तिथे मंगीचं नाव घातलं आणि सोमीला समजवायला गेले. सोमीने सगळं ऐकून घेतलं आणि कडेवरचा पोरगा त्यांच्यापुढे धरला.

"हिला ठेवीन गुरुजी. पन याला कोन घेल? आमी दोघं मातीत. हा रांगत भट्टीकडं गेला म्हंजी?"

गुरुजी तसेच परत फिरले. चार दिवस स्टूल रिकामं राहिलं. पाचव्या दिवशी आले ते पेढे घेऊनच!

"सुटलं शेठ! सोमी तयार झाली. मंगी राहणार!"

"आणि पोरगा?"

"रेखी घेणार म्हणे त्याला. मोठी झाली म्हणे ती आता."

जयंतीभाईंचा पेढा तोंडाशीच थांबला. "गुरुजी, एक रही, एक गई. शुं फरक पड्यो?"

"पडतो फरक!" गुरुजी एकदम चिडले. "एक तरी राहते ना! तुम्हाला काय जातं बोलायला?"

पेढे तेवढे संपले.

दिवाळी झाली. मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार, आणि आदल्या संध्याकाळी मंगी दुकानात आली. कडेवर भाऊ, मागे रेखी, हातात घडी केलेला गणवेश. धुतलेला, उन्हात वाळवलेला. गुरुजी स्टुलावरच होते.

"शेठ, हा बदलून द्या."

"अगं, जूनमध्ये नेलास, घातलास, धुतलास. आता कसा बदलू?" माझ्या डोक्यावरच पाटी आहे, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. मी तिकडे बोट केलं.

"ती वाचली मी. परत नका घेऊ. रेखीच्या मापाचा द्या."

गुरुजी उठून उभे राहिले. "मंगी, वसतिगृहात नाव तुझं घातलंय मी!"

"तिथं रेखीचं घाला, गुरुजी." तिने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "हिला हा पेलवत नाय. सकाळपासून दोनदा पाडला. इथं शेणानं सारवलेलं आंगण हाय. तिथं भट्टी हाय."

गुरुजी परत स्टुलावर बसले.

मी गणवेश हातात घेतला. खालची टीप जशीच्या तशी होती, एकदाही उसवली नव्हती. तो बाजूला ठेवला आणि रेखीच्या अंगाचा एक काढून दिला. मंगीने भावाला गुरुजींच्या मांडीवर दिलं आणि गणवेश रेखीच्या खांद्याला लावून पाहिला. अगदी बरोबर बसत होता. बाह्या मनगटाशी, घेर गुडघ्याशी. रेखी आरशात बघून हसली.

मंगीने तो काढून परत काउंटरवर ठेवला.

"हा नको, शेठ. दोन नंबर मोठा द्या. ही राहणार हाय."